माफी कुणी द्यायची?

वंशसंहारातून वाचलेल्याने पश्चात्ताप झालेल्या मारेकऱ्याला माफ करावं का? या वादातला मूळ पेच ठाण्यात टेंभी नाक्याच्या परिसरातल्या, १८७९ साली बांधलेल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, दरवर्षी पाळल्या जाणाऱ्या एका उपवासाच्या नियमात आहे. उपवास योम किप्पुरचा, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. आपले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्याला दारफळणीचा सण म्हणत आले. त्या दिवशी देवाविरुद्धची पापं फिटतात. माणसाचं वाईट केलं असेल तर मात्र आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, असं मिश्ना हा ज्यूंचा जुना नियमसंग्रह बजावतो. तो वारला असेल तर? दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचं आणि कबुली द्यायची, ही सोय मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, तालमुदात आहे. पण ज्यांना थडगंच मिळालं नाही, त्यांचं काय?

दुसऱ्या महायुद्धात नाझी छळछावणीतले ज्यू कैदी सायमन विझेन्थाल यांना आजच्या युक्रेनमधल्या लव्हिवच्या रुग्णालयात कामाला नेलं असताना नर्सने एका खोलीत बोलावून नेलं. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला, मरणपंथाला लागलेला, नाझींच्या एसएस या सशस्त्र दलाचा सैनिक. ज्यूंनी भरलेलं घर आपण पेटवलं, उड्या टाकणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, हे त्याने सांगितलं आणि माफी मागितली. विझेन्थाल एक शब्द न बोलता निघून गेले. १९६९ मध्ये त्यांनी हा प्रसंग प्रसिद्ध करून वाचकांनाच विचारलं: तुम्ही काय केलं असतं? मला त्या सैनिकाचा पश्चात्ताप खोटा वाटत नाही. खटकतं ते हे, की त्याला कुठलाही ज्यू चालणार होता.

रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर प्रश्न सरकारदरबारी गेला. तुरुंग ओसंडून वाहू लागले, तेव्हा गावोगावी उघड्यावर ‘गचाचा’ ही गावकऱ्यांचीच न्यायालयं बसवली. २०१२ पर्यंत त्यांनी सुमारे १९ लाख खटले हातावेगळे केले. गुन्हा कबूल करून, प्रेतं कुठे टाकली ते सांगून माफी मागितली की शिक्षा कमी, उरलेल्यातली काही रस्ते बांधण्यासारख्या कामात. इतकी घसघशीत सूट मिळत असेल तर पश्चात्ताप पारखायचा कसा? शिवाय सुटलेला माणूस परत त्याच वस्तीत येणार. वाचलेल्या बाईने नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

एव्हा कोर यांच्यावर असा दबाव नव्हता. आउशवित्झ छळछावणीत नाझी डॉक्टर मेंगेलेने जुळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून त्या वाचल्या होत्या. १९९५ मध्ये आउशवित्झमध्येच त्यांनी नाझींना माफ केल्याचं जाहीर केलं, तेही फक्त स्वतःच्या नावाने. २०१५ मध्ये आउशवित्झमधला एसएस कारकून ऑस्कर ग्रोनिंग याच्या खटल्यात त्यांनी त्याचा हात हातात घेतला, तेव्हा इतर सहफिर्यादींनी जाहीर निषेध केला. ग्रोनिंगला ४ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात जाण्याआधीच, २०१८ मध्ये तो मेला.