राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार : दिग्दर्शन विभाग (सीमाभागातील मराठीच्या संदर्भात)

भारत सरकारतर्फे कथाचित्रपटाच्या दिग्दर्शकास दरवर्षी दिला जाणारा सन्मान. स्वर्णकमळ आणि रोख रक्कम असे त्याचे स्वरूप असून सत्तराव्या पुरस्कारांपासून ही रक्कम ३ लाख रुपये आहे. दूरचित्रवाणी मालिका या पुरस्कारांच्या कक्षेत येत नाहीत.

प्रारंभ : राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, तेव्हा दिग्दर्शनाचे स्वतंत्र पारितोषिक नव्हते. १९५३ च्या चित्रपटांतून ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. निर्माते आणि दिग्दर्शक दोन्ही प्र. के. अत्रेच असल्याने ते पदक दिग्दर्शनाचे समजले जाण्याचा संभव आहे. वस्तुतः ते चित्रपटाचे होते. पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी आणि बेळगावसाठी ‘मराठा’ दैनिकातून झुंजलेले अत्रे ते हेच. दिग्दर्शनाचे पहिले पारितोषिक सत्यजित राय यांना ‘चिडियाखाना’साठी मिळाले. त्याचे साल १९६७ धरावे की १९६८, हा प्रश्न वर्षगणनेचा आहे. सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र ज्या वर्षी मिळाले, त्या वर्षाच्या पुरस्कारांसाठी चित्रपट पात्र ठरतो. घोषणा आणि वितरण नंतर होते. निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’चे पुरस्कारवर्ष २०२१, चित्रपटगृहांतील प्रदर्शन २०२२ चे आणि पारितोषिक हाती आले २०२३ मध्ये. प्रमाणपत्राचे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. या नोंदीत तेच धरले आहे, म्हणून राय यांचे साल १९६७.

भाषा : या विभागात सर्व भाषांचा विचार एकत्र होतो. कन्नड ‘वंशवृक्ष’साठी (१९७१) गिरीश कर्नाड व ब. व. कारंत यांना तो विभागून मिळाला. मराठी चित्रपटांसाठी शिवाजी लोटन पाटील (‘धग’, २०१२), राजेश मापुस्कर (‘व्हेंटिलेटर’, २०१६) आणि महाजन हे मानकरी ठरले.

भाषावार चित्रपट-पारितोषिके वेगळी असतात. ती राज्यनिहाय नसून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांना धरून दिली जातात. १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात (आजचे कर्नाटक) असली, तरी तेथे घडलेला मराठी चित्रपट मराठी म्हणूनच मोजला जातो. सीमाभागातील मराठी माणसाला हा नियम मोलाचा आहे, कारण इथे आपली भाषा सरकारदप्तरी कुठल्या रकान्यात पडते, याला फार अर्थ असतो.

‘जोगवा’ (२००८) : राजीव पाटील दिग्दर्शित हा चित्रपट यल्लमाच्या नावाने सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा आहे. देवीचे मुख्य ठाणे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर आहे. डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली परडी), काखेत चौंडके हे तंतुवाद्य, भंडाऱ्याने पिवळे झालेले कपाळ, ‘उदो गं आई उदो’चा गजर : यात्रेच्या वाटेवरच्या गावांत हे सारे दारावरून जाते. चित्रपटाला सामाजिक विषयावरील चित्रपटाचे पारितोषिक मिळाले; उपेंद्र लिमये यांच्या अभिनयाचा आणि अजय-अतुल यांच्या संगीताचाही गौरव झाला. सामाजिक विषयाचे हे पारितोषिक निर्माता आणि दिग्दर्शक दोघांचे असे. दिग्दर्शनाचे स्वतंत्र पारितोषिक त्या वर्षी तमिळ ‘नान कडवुळ’साठी बाला यांना मिळाले.