छातीचा फोटो कोण वाचणार? आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेची पार्श्वभूमी

छातीचा एक्स-रे काढणारी, हातात धरता येणारी यंत्रे वस्तीवर न्यायची आणि निघालेला फोटो डॉक्टरांच्या आधी संगणकाला वाचायला द्यायचा, ही पद्धत गेल्या काही वर्षांत देशाच्या क्षयरोग कार्यक्रमात शिरली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या शोधमोहिमेत तिच्यावर मोठा भर होता. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्ता ही फक्त महानगरांतल्या मोठ्या रुग्णालयांची गोष्ट आहे, ही समजूत आता टिकत नाही. सांगली-मिरजेसारख्या, वैद्यकीय सेवेची सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा असलेल्या भागातून या बदलाकडे पाहताना यंत्राच्या हुशारीपेक्षा एक वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. यंत्र ज्या जागी येऊन बसले, ती जागा इतकी वर्षे रिकामी का होती?

मिरजेचे वैद्यकीय महत्त्व डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून सुरू होते. १८९४ साली उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाकडे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण येऊ लागले, आणि मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे ही वर्दळ वाढत गेली. पुढे सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम उभे राहिले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाचगणीलाही कोरड्या, थंड हवेसाठी असे रुग्ण नेले जात. त्या काळात क्षयावर औषध नव्हते, म्हणून मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता, आणि तो महिनोन्महिने चालत असे. ज्याला तेवढे दिवस कामाविना राहणे परवडत नव्हते त्याच्यासाठी ही व्यवस्था नव्हतीच. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तज्ज्ञांची संख्या वाढली, पण हे तज्ज्ञ एकाच ठिकाणी एकवटले. जत तालुक्याच्या पूर्वेकडील उमदीसारख्या गावातून मिरजेला यायचे तर आजही शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

हे अंतर कमी करण्याचा पहिला मोठा आराखडा भोर समितीने मांडला. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, आणि आज आपल्याला परिचित असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातून आली. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र हे मानक पुढे रूढ झाले. केंद्रे उभी राहिली, परिचारिका, आरोग्यसेवक आणि २००५ नंतर आशा कार्यकर्त्याही आल्या, परंतु फोटो वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ त्या साखळीत कुठेच बसला नाही. तो जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा खासगी केंद्रातच राहिला. रिकाम्या जागेचा पहिला खुलासा इथे मिळतो. तज्ज्ञ घडवायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि घडल्यावर तो तालुक्याच्या गावी राहीलच असे नाही.

दुसरा खुलासा क्षयरोगाच्या इतिहासातच आहे, आणि तो अधिक उद्बोधक आहे. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने तुलना करून दाखवले की, औषधे नियमित घेतली तर घरी राहून उपचार करणारा गरीब रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरातील आरोग्यधामांचा काळ संपवला. भारतातल्या एका केंद्राने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत, आणि आपल्याकडे त्याची जेवढी आठवण ठेवली जायला हवी तेवढी ठेवली जात नाही. या शोधानंतर खाटांचा प्रश्न मागे पडला आणि रुग्ण शोधायचा कसा हा प्रश्न पुढे आला.

त्याचे एक उत्तर तेव्हाही एक्स-रे हेच होते. १९५५ ते १९५८ या काळात देशात झालेल्या नमुना पाहणीत छोट्या आकाराचे छातीचे फोटो काढणारी वाहने फिरवली गेली. परंतु फोटो काढणे सोपे आणि वाचणे अवघड, हे तोवर जगाला उमगले होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत असे आढळले होते की, एकच फोटो दोन तज्ज्ञ वेगवेगळा वाचतात, इतकेच नव्हे तर काही दिवसांनी तोच फोटो पुन्हा दाखवला तर तोच तज्ज्ञ आपल्याच आधीच्या मतापासून ढळतो. अनेक रोगी फोटो नजरेतून सुटत होते. त्यात वाहनांचा आणि फिल्मचा खर्च होताच. अखेर १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सरसकट फोटो काढत फिरण्याचे धोरण सोडून द्यावे असे सुचवले. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून चालू होता, १९९७ साली तो सुधारित स्वरूपात आला, आणि या संपूर्ण काळात त्याचा आधार राहिला तो सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासण्याचा. खोकला घेऊन जो दवाखान्यात येईल त्याची थुंकी तपासायची, अशी ती रीत होती. ज्याला खोकलाच नाही, किंवा असूनही जो येत नाही, तो या रीतीत सापडत नव्हता.

अशा न सापडलेल्यांचे प्रमाण किती मोठे आहे हे २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीने स्पष्ट केले. छातीचा फोटो काढला नसता तर पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के सुटले असते, आणि लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी उपचारासाठी कुणाकडे धावच घेतली नव्हती. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात असताना हे आकडे साधे नाहीत. जवळपास अर्धशतकापूर्वी बाजूला ठेवलेला फोटो पुन्हा मध्यभागी आला, आणि त्याबरोबर जुना प्रश्नही परत आला. हजारो फोटो वाचायचे कुणी?

या टप्प्यावर संगणकाची दुसरी, वेगळी वाट क्षयरोगाच्या वाटेला येऊन मिळते. वैद्यकात यंत्राकडून निर्णय घेण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकापासून चालू होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली मायसिन ही प्रणाली तज्ज्ञांकडून घेतलेल्या शेकडो नियमांच्या आधारे रक्तातील जंतुसंसर्गावर प्रतिजैविक सुचवत असे. चाचण्यांत ती चांगली ठरली, पण प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधी आली नाही. नियम लिहून देता येतात तेवढेच यंत्राला कळते ही तिची मर्यादा होती, आणि फोटोतली धूसर सावली नियमांत बांधता येत नाही. २०१२ नंतर हे बदलले. नियम सांगण्याऐवजी तज्ज्ञांनी आधी वाचून ठेवलेल्या लाखो प्रतिमा संगणकाला दाखवायच्या आणि त्यांतील साम्य-भेद त्यालाच शोधू द्यायचे, ही पद्धत प्रतिमा ओळखण्यात एकाएकी फार पुढे गेली.

या पद्धतीच्या वैद्यकीय इतिहासात भारत सुरुवातीपासून आहे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये गूगलच्या संशोधकांनी मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल ओळखणारी प्रणाली प्रसिद्ध केली. ती सव्वा लाखाहून अधिक प्रतिमांवर शिकवली गेली होती, आणि त्या कामात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचा सहभाग होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर असलेल्या प्रत्येकाचा डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासला जावा अशी अपेक्षा असते, आणि एवढे नेत्रतज्ज्ञ कोणत्याही देशाकडे नाहीत. छातीच्या फोटोंसाठी २०१६ मध्येच मुंबईत क्युअर डॉट एआय ही कंपनी सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत माणसाऐवजी संगणकाने फोटो वाचणे ग्राह्य धरले.

ही प्रणाली नेमके काय करते, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. ती रोगनिदान करत नाही, ती एक गुण देते. फोटोत क्षयाशी जुळणाऱ्या खुणा जितक्या अधिक तितका गुण वाढतो, आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर गुण गेला की त्या माणसाची थुंकी सीबीनॅट किंवा गोव्यात विकसित झालेल्या ट्रूनॅट या यंत्रावर तपासायची असते. जंतू आहेत की नाहीत, हे तिथेच कळते. आता ही मर्यादा कुठे आखायची हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो जिल्ह्याच्या खर्चाचा आणि माणसांचा प्रश्न आहे. मर्यादा खाली आणली तर रुग्ण कमी सुटतात, पण चाचण्यांची संख्या आणि तिचा खर्च फुगतो. वर नेली तर खर्च वाचतो आणि काही रुग्ण घरीच खोकत राहतात. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्याच्या फुप्फुसात व्रण राहिलेले असतात, दगडाच्या खाणीत काम केलेल्याच्या फुप्फुसातही धुळीच्या खुणा असतात, आणि अशा फोटोंना यंत्र जास्त गुण देऊ शकते. म्हणूनच ही मर्यादा स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावी असा आग्रह धरला जातो. माझ्या मते या साऱ्या तंत्रज्ञानातला सर्वांत महत्त्वाचा मानवी निर्णय हाच आहे, आणि त्याची जाहीर चर्चा सर्वांत कमी होते.

दूरवैद्यक आणि नोंदींचा इतिहास यालाच समांतर चालला आहे. इस्रोने २००१ साली उपग्रहाद्वारे खेड्यातली रुग्णालये शहरांतल्या तज्ज्ञांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. टाळेबंदी लागताना, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले, आणि ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि माणसाच्या आरोग्यनोंदी एकत्र जोडणारा चौदा अंकी आभा क्रमांक आला. त्याचे महत्त्व सांगली जिल्ह्यात सहज कळेल. खानापूर, आटपाडी भागातले सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले आहेत, आणि हंगामात ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या इकडे येतात. यांपैकी कुणाचा उपचार एका गावात सुरू होऊन दुसऱ्या राज्यात तुटतो. केस पेपर घरी राहिला की नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. नोंद माणसाबरोबर गेली तरच यंत्राला जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून पाहता येईल.

प्रयोगशाळेत उत्तम चाललेली प्रणाली दवाखान्यात अडखळते, याचे पुरावेही या इतिहासाचाच भाग आहेत. डोळ्याचा पडदा तपासणारी तीच प्रणाली थायलंडच्या ग्रामीण दवाखान्यांत नेली तेव्हा पाचपैकी साधारण एक प्रतिमा तिने नाकारली, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता, आणि इंटरनेट मंद असल्याने रांगा वाढल्या. हा अनुभव २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत उघड झाले की, कुणाला जास्त देखभाल हवी हे ठरवणारी एक प्रणाली आजाराऐवजी पूर्वी झालेला खर्च मोजत होती, त्यामुळे ज्यांच्यावर मुळात कमी खर्च झाला होता ते कृष्णवर्णीय रुग्ण तिला कमी आजारी दिसत होते. आपल्याकडे दवाखान्याची पायरी उशिरा चढणाऱ्या बाईच्या बाबतीत असे घडणे अशक्य नाही. भारतात एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअर उपकरणांच्या नियमनाखाली आले, २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्याच वर्षी व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला. चौकट तयार आहे, तिची अंमलबजावणी उपकेंद्राच्या टेबलापर्यंत पोहोचायची आहे.

क्षयरोग २०२५ पर्यंत संपवण्याचे लक्ष्य देशाने २०१८ मध्ये जाहीर केले होते. ते गाठले गेले नाही, परंतु २०१५ मध्ये दर लाखामागे २३७ असलेले नव्या रुग्णांचे प्रमाण २०२४ पर्यंत १८७ वर आले, ही घट खरी आहे. तिचे श्रेय केवळ यंत्राला देता येणार नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना पुरेसे धान्य मिळाल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. आरोग्यधामातल्या सकस आहाराला शास्त्रीय पुरावा मिळायला इतका काळ लागला. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला मिळणारे पाचशे रुपये २०२४ मध्ये एक हजार झाले, हे त्याच दिशेचे पाऊल आहे.

त्यामुळे सांगली किंवा साताऱ्यात अशी मोहीम येईल तेव्हा किती फोटो काढले एवढाच आकडा जाहीर होऊन चालणार नाही. यंत्राने किती जणांना संशयित ठरवले, त्यांपैकी किती जणांची थुंकी प्रत्यक्ष तपासली गेली, किती जणांचा उपचार सुरू झाला आणि किती जणांनी तो पूर्ण केला, हे चारही आकडे तालुकानिहाय मांडले गेले पाहिजेत. निक्षय प्रणालीत रुग्णनिहाय नोंद होते, तेव्हा हे काम अशक्य नाही. जत आणि मिरज यांचे आकडे शेजारी ठेवले, की फोटो वाचून झाल्यावर रुग्ण नेमका कोणत्या टप्प्यावर गळतो हे दिसेल, आणि तिथे तंत्रज्ञ हवा, वाहन हवे की चाचणीची सामग्री हवी, हे जिल्ह्याला ठरवता येईल.