पटकथा म्हणजे आंब्याची पेटी नव्हे

‘आंब्याची पेटी एकदा विकली की बागायतदार परत पैसे मागतो काय? मग पटकथा विकून मोकळे झालेले लेखक संप कशाला करतात?’ देवगड-मालवणात हा सवाल हमखास येतो. पण पटकथा पेटी नव्हे, कलम आहे. विकल्यावरही धरत राहतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडूनही देता येत नाही. करारात ‘रॉयल्टी सोडली’ असं लिहून घेतलं, तरी ते कलम (हे दुसरं!) रद्दबातल. अडतं ते वसुलीत: ओटीटीवर मालिका किती जणांनी पाहिली, हे लेखकाला कळतच नाही. अमेरिकेतला २०२३ चा १४८ दिवसांचा संप या आकड्यांसाठीही होता, आणि रास्तच होता. त्यातून ठरलं: मोठ्या बजेटची मालिका पहिल्या ९० दिवसांत त्या ओटीटीच्या अमेरिकेतल्या २० टक्के वर्गणीदारांइतकी पाहिली गेली, तर लेखकाच्या ठरलेल्या पुनर्वापर मानधनावर ५० टक्के बोनस.