सार पासला अंधारातच का निघायचं?

मे महिन्यात सार पासच्या वाटेवर मराठी बोलणं हमखास कानावर पडतं. हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती खोऱ्यावर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवरची ही खिंड. कसोल, ग्रहण गाव, मिनथाच असे मुक्काम करत नगारूच्या कँपवर पोचलं की गाईड सांगतो, उद्या पहाटे तीनला निघायचं. दिवसभर चढून आलेली मंडळी कुरकुरतात. वेळ मात्र बदलत नाही आणि बदलूही नये.

थंडीत पडणाऱ्या हिमकणांना सहा टोकांची नाजूक नक्षी असते. मेपर्यंत तिचा मागमूस राहत नाही. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं आठवडेच्या आठवडे चालतं आणि उरतात ते साबुदाण्यासारखे गोल दाणे. ताजा बर्फ घनमीटरला जेमतेम १०० किलो भरतो, हा जुना बर्फ ४०० ते ५०० किलो. रात्री या दाण्यांमधलं पाणी गोठून ते एकमेकांना घट्ट जखडले जातात. पहाटे चार वाजता त्यावर बूट ठेवला तर तळव्याच्या दात्यांचे फक्त ठसे उमटतात. ऊन चढलं की आधी हे सांधे सुटतात. दाणे तसेच राहतात, पण एकमेकांना धरून ठेवणारं काही उरत नाही. मग अकराच्या सुमाराला त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत आत जातो.

आता यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. बर्फ आपल्याला पांढराशुभ्र दिसतो, कारण डोळ्यांना दिसणारा बहुतेक प्रकाश तो परत फेकतो. पण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या बाबतीत हाच बर्फ जवळजवळ काजळासारखा वागतो, म्हणजे ती उष्णता सहज शोषतो आणि तितक्याच सहज बाहेर टाकतो. निरभ्र रात्री तो आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतो. त्यामुळे हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी वरचा थर गोठतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दव गोठतं तेव्हा हेच घडलेलं असतं. हवेचं तापमान शून्याच्या वरच असतं, पण गवताचं पातं त्याहून गार झालेलं असतं.

ढगाळ रात्रीचं गणित उलटं. ढग तीच उष्णता खाली परत पाठवतात आणि बर्फ गोठतच नाही. म्हणून तंबूतून डोकं बाहेर काढून चांदण्या दिसतात का ते पाहणं, हे थर्मामीटर पाहण्यापेक्षा जास्त कामाचं. चांदण्या नसतील तर पहाटेसुद्धा पाय रुतणार, हे धरून चालावं.

एवढं ऊन असून बर्फ महिनोन्महिने टिकतो कसा? एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात शून्य अंशाचं एक किलो पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणूनच एका दिवसाच्या उन्हात बर्फ संपत नाही, नुसता भुसभुशीत होतो.

काळ्या खडकाजवळ जरा जपून. खडक उन्हात तापतो, भोवतीचा बर्फ आतून पोखरला जातो आणि वरून काहीच कळत नाही. पाय तिथे कमरेइतका जाऊ शकतो, आणि आत धारदार दगड असतो. बर्फाखालून ओढा वाहत असेल तिथेही हाच धोका, म्हणून गाईड काठीने ठोकत पुढे जातो. त्याच्या पावलावर पाऊल ठेवावं. गॉगलही काढू नये, कारण बर्फावरून परावर्तित होणारे अतिनील किरण खालूनही डोळ्यांत शिरतात. उतारावरून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळत येताना दिसले तर तिथे फोटोसाठी क्षणभरही थांबू नका. वरचा थर पाण्याने सैल झाल्याची ती खूण आहे, आणि ओला हिमप्रपात अशाच उतारांवर होतो.

खिंड ओलांडली की पलीकडे बसून घसरत उतरायचं असतं, आणि त्यालाही वेळ साधावी लागते. फार लवकर पोचलात तर उतार काचेसारखा कडक असतो, वेग आवरत नाही. फार उशीर केलात तर माणूस जागच्या जागी रुतून बसतो. तीनला निघालेली तुकडी पोचते तेव्हा वरचे चार बोटं बर्फ नुकतं मऊ झालेलं असतं. घसरता येतं, आणि टाच रोवली की थांबताही येतं.