ओस पडलेले मिलम आणि जोहार खोऱ्याची पार्श्वभूमी

उत्तराखंडच्या पिथौरागड जिल्ह्यात, गोरीगंगेच्या उगमाजवळ, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर मिलम हे गाव आहे. तिथली छपरे कोसळलेली दगडी घरे पाहिली की थंडीला आणि बर्फाला कंटाळून लोकांनी गाव सोडले असावे, असे सहज वाटते. थंडीचा त्यात फारसा दोष नाही. त्या थंडीत इथल्या शौका समाजाच्या कित्येक पिढ्या नांदल्या होत्या.

जोहार खोऱ्यातील या शौका समाजाची सरकारदरबारी नोंद ‘भोटिया’ अशी आहे. खोऱ्यात वर्षाकाठी फाफर (कुट्टू) किंवा जव यांचे जेमतेम एक पीक निघे, त्यामुळे नुसत्या शेतीवर पोट भरणे शक्यच नव्हते. ते भरत होते तिबेटच्या व्यापारावर. उन्हाळ्यात खिंडी मोकळ्या झाल्या की धान्य, गूळ आणि कापड घेऊन तांडे निघत आणि पश्चिम तिबेटातील ग्यानिमाच्या बाजारातून मीठ, लोकर व टाकणखार घेऊन परतत. वाटेत ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी बिंगरी या पाच हजार मीटरहून उंच तीन खिंडी होत्या, आणि त्या शक्यतो एका दमात ओलांडाव्या लागत, कारण मध्ये मुक्काम केला तर ना सरपण मिळे, ना चारा. ओझे वाहण्याचे बरेचसे काम शेळ्या-मेंढ्या करीत. पाठीच्या दोन्ही बाजूंना लहान पिशव्या बांधून त्यांचे कळप हाकले जात. पलीकडे प्रत्येक व्यापारी घराण्याचा ठरलेला तिबेटी ‘मित्र’ असे आणि हे नाते बापाकडून मुलाकडे जाई. हिवाळ्यात सारे गाव घरे बंद करून मुनस्यारी, तेजम अशा खालच्या वस्त्यांकडे उतरे. लोकर कातून विणलेले थुलमे (जाड पांघरुणे) आणि दन (गालिचे) बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात विकले जात.

या वाटांचे ज्ञान किती मोलाचे होते, हे मिलमचेच सर्वेक्षक नैनसिंह रावत यांच्यावरून कळते. जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजत त्यांनी १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंतचा मार्ग मोजला आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

१९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारासाठी मान्य केलेल्या सहा खिंडींत कुंगरी बिंगरीचे नाव होते. पण तिबेटवरील चिनी पकड घट्ट होत गेली तसा व्यापार आक्रसला. कराराची आठ वर्षांची मुदत जून १९६२ मध्ये संपली, आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटले. हिवाळ्यासाठी खाली उतरण्याची रीत तर जुनीच होती. आता पुन्हा वर जाण्याचे कारण उरले नाही. लोक मुनस्यारीत व त्याखालच्या गावांत कायमचे स्थिरावले, मेंढ्यांचे कळप घटले. १९६७ मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि पुढच्या पिढ्या शिक्षण व सरकारी नोकरीकडे वळल्या.

१९९२ मध्ये लिपुलेख खिंडीतून सीमाव्यापार पुन्हा सुरू झाला खरा, पण ती वाट पूर्वेकडच्या ब्यांस खोऱ्याची. जोहारमधली काही कुटुंबे आजही उन्हाळ्यात वर जातात, बटाटे आणि जंबू (फोडणीत घालायची कांद्याच्या जातीची वनस्पती) पिकवतात आणि बर्फ पडण्याआधी खाली येतात.