खुनानंतर फ्लॅट कुणाचा? पती-पत्नीच्या खटल्यांतल्या कागदांची पार्श्वभूमी

मुंबईत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि जोडीदारच संशयित ठरला, की पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालाशेजारी कागदांचा दुसरा गठ्ठा जमू लागतो. दुय्यम निबंधकाकडची इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीच्या दप्तरातला नॉमिनेशन फॉर्म, होम लोनची कागदपत्रं, विम्याची पॉलिसी, एखादं बक्षीसपत्र. 'फ्लॅट आधीच नावावर करून घेतला होता' अशी ओळ बातमीत आली की वाचणारे तिथेच निकाल लावून मोकळे होतात. कोर्टाला तेवढं पुरत नाही. सत्र न्यायालय हे कागद हेतूसाठी वाचतं, दिवाणी न्यायालय हक्कासाठी. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत आणि ते वेगवेगळ्या वाटांनी घडत आले आहेत.

खून करणाऱ्याला खुनातून लाभ मिळू द्यायचा नाही, हे तत्त्व आज उघड वाटतं. ते कायद्यात मुरायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये त्याचा गाजलेला दाखला पती-पत्नीचाच आहे. लिव्हरपूलच्या फ्लोरेन्स मेब्रिकला 1889 मध्ये नवऱ्याला आर्सेनिक देऊन मारल्याबद्दल दोषी ठरवण्यात आलं. नवऱ्याने तिच्या लाभासाठी विमा उतरवला होता. अपील कोर्टाने सांगितलं, तिला पैसे मिळणार नाहीत. पण त्यामुळे विमा कंपनीही सुटणार नाही, रक्कम नवऱ्याच्या मिळकतीत जाईल. दुसरा दाखला 1911 चा, डॉ. क्रिपनचा. बायकोच्या खुनासाठी तो आदल्या वर्षी फाशी गेला होता आणि मृत्युपत्राने सगळं प्रेयसीला ठेवून गेला होता. त्याच्या वाटेने तिने मृत पत्नीच्या मालमत्तेवर सांगितलेला हक्क कोर्टाने फेटाळला. पहिल्या निकालात खुनी अडला, दुसऱ्यात त्याच्यामार्फत येणाराही अडला.

आपल्याकडे या प्रश्नाचा पाया मुंबई हायकोर्टात घातला गेला. 1908 च्या गंगू विरुद्ध चंद्रभागाबाई या निकालात खुन्याच्या बायकोला मृताची वारस मानलं गेलं होतं. पुढे केंचवा विरुद्ध गिरीमल्लप्पा हा खटला मुंबई हायकोर्टातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि 1924 मध्ये निकाल लागला. हिंदू धर्मशास्त्रात स्पष्ट वचन असो वा नसो, न्याय, समता आणि सद्सद्विवेकबुद्धी यांच्या आधारे खुनी वारस होऊ शकत नाही, असं कौन्सिलने म्हटलं. त्यापुढचं वाक्य अधिक कामाचं आहे: वारसाहक्कापुरता खुनी अस्तित्वातच नाही असं समजायचं, त्याच्यापासून नवी वारसशाखा फुटू द्यायची नाही. मग 1908 च्या निकालाचं काय? कौन्सिलने त्याची वेगळी फोड केली. ती बाई नवऱ्यामार्फत हक्क सांगत नव्हती, लग्नाने त्याच्या गोत्रात आल्यामुळे स्वतःच्या नात्याने सांगत होती.

हे तत्त्व हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 25 मध्ये उतरलं. खून करणारा किंवा खुनाला साहाय्य करणारा, दोघेही अपात्र. कलम 27 म्हणतं, अपात्र व्यक्ती मृताच्या आधीच वारली असं धरून वाटप करायचं. 2005 च्या वेल्लीकन्नू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वडिलांचा खून केलेल्या मुलाच्या पत्नीचा दावा याच धाग्याने फेटाळला. मुंबईत सगळेच या कायद्याखाली येत नाहीत, हेही सांगायला हवं. हनफी मुस्लिम कायद्यात हत्या करणारा वारसाहक्काला मुकतोच, हत्या हेतुपुरस्सर नसली तरी. ख्रिस्ती आणि पारशी लोकांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मात्र असं थेट कलम नाही. तिथे ते जुनं न्याय-समतेचं तत्त्वच कामी येतं.

इथवर वाट सरळ आहे. अडचण अशी, की कलम 25 अडवतं ते मृत्यूनंतर येणाऱ्या हक्काला. हयातीत रीतसर नोंदवून दिलेलं बक्षीसपत्र त्याच्या कक्षेत येत नाही. नवऱ्याने फ्लॅट बायकोला बक्षीस दिला, तिने तो स्वीकारला, दस्त नोंदला गेला, की फ्लॅट तिचा. पुढे तिच्यावर त्याच्या खुनाचा आरोप आला म्हणून ते बक्षीसपत्र आपोआप पडत नाही. फसवणूक, दडपण किंवा गैरवाजवी प्रभाव होता हे दिवाणी दाव्यात वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि देणारा तर साक्षीला उरलेला नसतो. माझ्या मते या सगळ्या कायद्यातली सर्वांत मोठी फट हीच आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

शिवाय नवरा-बायकोत मालमत्ता इकडची तिकडे होणं हे मुंबईत संशयास्पद नाहीच. शासनानेच ती वाट सोपी केली आहे. राहती जागा पती, पत्नी, मुलं किंवा नातवंडांना बक्षीस द्यायची तर 2015 पासून मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये. स्थानिक अधिभार लागतो तो वेगळा. 2021 पासून महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. नवरा-बायकोतल्या भेटीवर घेणाऱ्याला प्राप्तिकर नाही. बँकाही कर्ज देताना जोडीदाराला सहकर्जदार करा म्हणून मागे लागतात. त्यामुळे शहरातल्या असंख्य संसारांचे कागद एखाद्या सरकारी वकिलाने हेतू शोधत वाचले तर संशयास्पदच दिसतील. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 6 नुसार (पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम 8) हेतू दाखवणारं वर्तन पुराव्यात येतं. पण नुसत्या हेतूवर शिक्षा होत नाही. साखळीतला तो एक दुवा असतो.

दुवा किती भक्कम होऊ शकतो, हे स्वामी श्रद्धानंद खटल्यात दिसलं. घटना बेंगळुरूची. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या नातीशी श्रद्धानंद या आरोपीने 1986 मध्ये लग्न केलं. तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) आणि मृत्युपत्र करून घेतलं, बँक खाती आणि लॉकर जोडनावाने झाले. 1991 मध्ये ती दिसेनाशी झाली. तो सांगत राहिला की ती बाहेरगावी आहे, आणि दरम्यान तिच्या मालमत्तेचे व्यवहार करत राहिला. मुलीने पाठपुरावा सोडला नाही. 1994 मध्ये मृतदेह घराच्याच आवारातून उकरून काढण्यात आला. करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की ते संपतं. म्हणजे मुखत्यार म्हणून केलेली प्रत्येक सही ही ती जिवंत असल्याचा दावा होती. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी त्याला मरेपर्यंत, सूट न देता, तुरुंगात ठेवण्याची शिक्षा दिली. हा खटला वाचला जातो तो बहुधा शिक्षेच्या या नव्या प्रकारासाठी. त्यातल्या कागदांकडे फार कमी लोक बघतात.

महाराष्ट्रातला त्रिमुख मारोती किर्कन खटला (2006) अगदी वेगळ्या थरातला. तिथे टेम्पोसाठी माहेरहून पैसे आणण्याचा तगादा होता. चार भिंतींच्या आत घडलेल्या मृत्यूचा खुलासा घरात असलेल्याने दिला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने ठळक केलं. पत्नीच्या मृत्यूच्या खटल्यांत तो आजही वारंवार उद्धृत होतो.

आता नॉमिनीकडे. आपल्याकडे नॉमिनी म्हणजे मालक, हा समज फार घट्ट आहे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1984 च्या सरबती देवी निकालातच सांगितलं होतं की नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, ते असतात वारसांचे. 2015 च्या दुरुस्तीने विमा कायद्यात पती-पत्नी, मुलं आणि आईवडील या नॉमिनींना लाभार्थी मानलं गेलं, म्हणजे नेमक्या याच नात्यांत चित्र पालटलं. शेअर आणि म्युच्युअल फंडाबाबतचा वाद 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून मुंबई हायकोर्टात गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. तिथेही नॉमिनी मालक ठरला नाही. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी 2019 मध्ये सहकारी संस्था कायद्यात आलेलं कलम 154ब-13 नॉमिनीला तात्पुरता सभासद करतं, खरे वारस ठरेपर्यंत. त्यामुळे नॉमिनी म्हणून आरोपीचं नाव निघालं तरी शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर कायमचं चढवण्याची सक्ती कमिटीवर नाही. कोर्टाचा आदेश किंवा वारस प्रमाणपत्र आणा, असं ती सांगू शकते. प्रत्यक्षात कमिटीवाले घाबरतात आणि फाइल बाजूला सरकवतात; मेंटेनन्सची थकबाकी तेवढी वाढत जाते.

मारली गेलेली व्यक्ती पत्नी असेल आणि मूल नसेल, तर गुंता सर्वांत वाईट. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली की कलम 15 नुसार आधी मुलं आणि पती, मग पतीचे वारस, आणि त्यानंतर तिचे आईवडील. पती खुनी म्हणून बाद झाला, तरी पुढची पायरी त्याच्याच भावंडांची आणि आईवडिलांची. आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परतते. स्वतःच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटला ही सवलत नाही. 2009 च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकालात सासरने हाकललेल्या विधवेची स्वकष्टाची मिळकतही सासरकडेच गेली. न्यायालय म्हणालं, सहानुभूतीने कायदा बदलत नाही. खुनाच्या प्रकरणात मात्र माहेरच्यांच्या हाती 1924 चा तो निकाल आहे: खुन्यापासून शाखा फुटत नाही, तर त्याचा भाऊ त्याच्या वाटेने कसा येईल? हुंडाबंदी कायद्यात 1986 मध्ये आलेलं परंतुक याहून स्पष्ट आहे. लग्नापासून सात वर्षांत अनैसर्गिक मृत्यू झाला तर हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता मुलांना, मुलं नसतील तर तिच्या आईवडिलांना. पण ते हुंड्यापुरतंच आहे.

मुलं असली तर वाटप सोपं, कारण ती मृताची थेट वारस आहेत आणि आईबापांपैकी एकाचा गुन्हा त्यांच्या हक्काला लागत नाही. प्रश्न सहीचा येतो. अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून उरलेला पालकच पुढे येतो, आणि आरोपी तोच असतो. त्याला सारून आजी-आजोबा किंवा मामा-काका यांना पालक नेमायचं तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागतो, आणि अज्ञानाच्या नावची जागा विकायला कोर्टाची परवानगी लागतेच. खुनाचा खटला लांबतो, तसा हा अर्जही दुसऱ्या कोर्टात तारखा घेत राहतो, आणि होम लोनचा हप्ता दर महिन्याला देय होत जातो.