पाणी कुठवर आले? जोखीम जोखण्याचे शास्त्र

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नाशिककर एकमेकांना क्युसेकचा आकडा विचारत नाहीत. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले, असे विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला अशा पायऱ्यांनी गोदावरीचा पूर मोजण्याची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर आला, हे पंचवटीतल्या लहान मुलालाही वेगळे सांगावे लागत नाही. या मोजपट्टीचे मोठेपण असे की ती साऱ्या गावाची एकच आहे. भांडी बाजारातला व्यापारी आणि रामकुंडावरचा पुरोहित एकाच खुणेकडे बघतात, त्यामुळे त्यांचे बोलणे एकमेकांना कळते. रस्त्यावरचा अपघात, आजार, द्राक्षबागेवरचे अवकाळी संकट, घरासाठी काढलेले कर्ज, उसात दडलेला बिबट्या यांच्या बाबतीत मात्र आपल्याजवळ अशी सामाईक पट्टी नसते. तिथे प्रत्येक गोष्ट आपण निराळ्या मापाने मोजतो, आणि ते माप बहुधा शेवटच्या ऐकलेल्या बातमीचे असते.

मराठीत धोका आणि जोखीम हे दोन शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण शास्त्राच्या दृष्टीने त्यांत फरक करणे उपयोगाचे आहे. पूर हा धोका आहे. तो घाटालगतच्या तळमजल्यावर राहणाऱ्यासाठी आणि पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यासाठी एकच आहे. जोखीम मात्र दोघांची वेगळी, कारण तिच्यात ती घटना घडण्याची शक्यता, घडल्यास होणारे नुकसान आणि आपण त्या घटनेच्या वाटेत किती उभे आहोत, या तिन्ही गोष्टी येतात. जोखणे म्हणजे तोलणे, आणि तोलायचे तर तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकाच प्रकारची वजने लागतात.

असे एक वजन अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रोनाल्ड हॉवर्ड यांनी सुचवले. दहा लाखांत एक इतकी मृत्यूची शक्यता म्हणजे एक मायक्रोमॉर्ट. ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून काढलेल्या अंदाजानुसार पॅराशूटने एकदा उडी घेण्याची जोखीम सुमारे आठ ते दहा मायक्रोमॉर्ट, आणि मोटारसायकलवरून साधारण दहा किलोमीटर जाण्याची जोखीम एक मायक्रोमॉर्ट असते. मोटारगाडीत तेवढ्याच जोखमीत सुमारे चारशे किलोमीटर जाता येते. हे आकडे तिथल्या रस्त्यांचे आहेत, ते जसेच्या तसे नाशिकच्या द्वारका चौकाला लावता येणार नाहीत. पण आपल्याकडचा हिशोबही अवघड नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. देशाची लोकसंख्या सुमारे १४१ कोटी धरली तर हे प्रमाण वर्षाला लाखात बारा, म्हणजे सरासरी भारतीयाच्या वाट्याला दर तीन दिवसांना एक मायक्रोमॉर्ट येतो. रोज सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात दुचाकीवरून जाणाऱ्या कामगाराच्या वाट्याला तो याहून लवकर येत असणार, कारण सरासरीत घरी बसून राहणारेही मोजलेले असतात.

त्याच अहवालात असेही नोंदले आहे की २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. हा आकडा ऐकून हेल्मेटचे महत्त्व सिद्ध झाले असे वाटते, पण सावध वाचकाने इथे थांबले पाहिजे. रस्त्यावरचे बहुतेक लोक हेल्मेट घालतच नसतील, तर मृतांमध्येही तेच अधिक असणार; नुसत्या मृतांच्या संख्येवरून काहीच ठरत नाही. एकाच प्रकारच्या अपघातांत हेल्मेट असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे काय झाले, याची तुलना करावी लागते. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आहे, आणि त्यानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूची जोखीम सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते. कोणत्याही औषधाला हेवा वाटावा असा हा परिणाम आहे. तरीही २०२१ मध्ये नाशिकच्या पोलिसांना हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. याचे कारण अज्ञान आहे असे मला वाटत नाही. एका फेरीची जोखीम इतकी लहान असते की हजार फेऱ्या सुखरूप होतात, आणि प्रत्येक सुखरूप फेरी माणसाला 'काही होत नाही' असे शिकवत जाते. अनुभव हा चांगला गुरू खरा, पण विरळ घटनांच्या बाबतीत तो फार उशिरा, आणि एकदाच, शिकवतो.

याच्या उलट बाजूला बिबट्या आहे. शहरातल्या एखाद्या वसाहतीत बिबट्या दिसल्याची चित्रफीत फिरू लागली की त्या आठवड्यात लोक संध्याकाळी चालायला जाणे बंद करतात, आणि तेच लोक गंगापूर रोडवर हेल्मेटशिवाय गाडी चालवतात. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की एखादी घटना किती सहज आठवते, यावरून माणूस ती किती वारंवार घडते याचा अंदाज बांधतो. पुढे पॉल स्लोविक यांनी आपल्या अभ्यासांतून मांडले की सामान्य माणसाचे भय मृत्यूंच्या संख्येवर ठरत नाही. ज्या गोष्टीवर आपला ताबा नसतो, जी अनोळखी असते, जी एकाच वेळी अनेकांना किंवा लहान मुलांना गाठते, तिची धास्ती अधिक असते. स्वतःहून पत्करलेली जोखीम लादलेल्या जोखमीच्या तुलनेत सुमारे हजारपट असली तरी माणसे ती चालवून घेतात, असा अंदाज चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्येच केला होता.

पण म्हणून गावकऱ्यांच्या भीतीला अडाणीपणा म्हणणे चुकीचे, आणि अन्यायाचेही आहे. निफाड तालुक्यात उसाच्या कडेला वस्ती असलेल्या, पहाटे मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याची जोखीम राज्याच्या सरासरीवरून काढता येत नाही. सरासरी काढताना आपण कोणत्या लोकांच्या गटात बसतो, हा जोखीमशास्त्रातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. त्याच शेतकऱ्याच्या पायाशी आणखी एक जोखीम असते, जिची चित्रफीत फिरत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले असावेत, असा एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. हातात विजेरी आणि पायात गमबूट असले तर ही जोखीम बरीच उतरते. बिबट्यासाठी जागे राहणाऱ्या गावाला ही गोष्टही तितक्याच कळकळीने सांगितली गेली पाहिजे.

टक्केवारीची फसवणूक हा तर स्वतंत्र विषय आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याची जोखीम दुप्पट होते. बातमी खरी होती. घाबरलेल्या अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज आहे. ही 'दुप्पट' जोखीम म्हणजे प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांमागे एकीऐवजी दोघी, इतकीच होती. आणि गर्भारपणात गुठळी होण्याची शक्यता त्याहून अधिक असते. दुप्पट, पन्नास टक्क्यांनी अधिक, तिप्पट असे शब्द कानी पडले की 'किती पैकी किती?' हा एकच प्रश्न विचारावा. बाजारात भाव विचारल्याशिवाय सवलतीचे टक्के ऐकून आपण पिशवी पुढे करत नाही, तसेच हे आहे.

तपासणीच्या अहवालालाही हाच प्रश्न विचारता येतो. समजा एक हजार स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी चाचणी केली, त्यांपैकी दहा जणींना खरोखर आजार आहे, चाचणी आजारी स्त्रियांपैकी ९० टक्के जणींना पकडते, आणि निरोगी स्त्रियांपैकी ९ टक्के जणींना चुकून दोषी ठरवते. मग दहापैकी नऊ आजारी स्त्रिया सापडतील, पण ९९० निरोगी स्त्रियांपैकी ८९ जणींचाही अहवाल सदोष, म्हणजे आजार दाखवणारा, येईल. म्हणजे सदोष अहवाल हाती आलेल्या ९८ जणींपैकी खरोखर आजार असलेल्या केवळ नऊ. पुढची तपासणी तातडीने करावीच, पण ती होईपर्यंतचे दिवस घरात सुतक असल्यासारखे काढण्याचे कारण नाही.

आता पुन्हा नदीकडे वळू. आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नाशिकमध्ये २००८ च्या पुरानंतर या रेषांवर फार वाद झाले, आणि त्या वादांत एक समजूत सतत डोकावत राहिली, की शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढची पिढी निर्धास्त. पण नदी तारखा पाळत नाही. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, मागच्या वर्षी पूर आला असला तरीही. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, आणि निळ्या रेषेपर्यंत येण्याची सुमारे ५६ टक्के भरते. म्हणजे निळ्या रेषेच्या काठावर घर घेणारा माणूस, कर्ज फिटेपर्यंत पाणी घरात येणार नाही यावर नाणेफेकीपेक्षाही वाईट पैज लावत असतो. तेही हवामान आहे तसेच राहील असे धरून.

नाशिक जिल्ह्यात जोखमीचे खरे शाळामास्तर मात्र द्राक्ष बागायतदार आहेत. बागलाण, सटाणा, कळवण या भागांत काही शेतकरी जुलै-ऑगस्टमध्येच छाटणी घेतात. ही अर्ली द्राक्षे बाजारात इतरांच्या आधी येतात आणि चढा भाव मिळवतात. पण परतीच्या पावसात बाग फुलोऱ्यात सापडली तर गळ, कूज आणि डाऊनी हा बुरशीजन्य रोग यांनी पाहता पाहता हातची जाते. ऑक्टोबर छाटणी करणाऱ्याला भाव बेताचा, पण पीक अधिक खात्रीचे. यांत शहाणा कोण? कागदावर मानू या की अर्ली बागेत दहापैकी सहा वर्षे एकरी दहा लाख सुटतात आणि चार वर्षे चार लाख बुडतात. उशिराच्या बागेत दहापैकी आठ वर्षे पाच लाख सुटतात आणि दोन वर्षे दोन लाख बुडतात. हे आकडे केवळ हिशोबापुरते आहेत. सरासरी काढली तर अर्ली बाग वर्षाला ४ लाख ४० हजार देते, उशिराची ३ लाख ६० हजार. सरासरी पाहणारा सल्लागार म्हणेल, लवकर छाटा.

पण शेतकरी सरासरी वर्ष जगत नाही. तो एकामागून एक येणारी वर्षे जगतो. दोन वर्षे लागोपाठ बुडाली की सोसायटीचे कर्ज थकते, औषध दुकानदार उधारी थांबवतो, आणि तिसऱ्या वर्षी चांगला भाव आला तरी तो घ्यायला बाग उरलेली नसते. एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे धरले, तर दहा वर्षांत निदान एकदा लागोपाठ दोन वर्षे बुडण्याची शक्यता उशिराच्या बागेत सुमारे २७ टक्के आणि अर्ली बागेत सुमारे ७१ टक्के निघते. सरासरीत पुढे असलेली वाट टिकून राहण्यात इतकी मागे आहे. म्हणून ज्याच्यामागे नोकरीचा पगार किंवा वीस एकर जमीन आहे, त्याने अर्ली छाटणी घेणे शहाणपणाचे ठरू शकते, आणि दोन एकरवाल्याने तीच घेणे आत्मघाताचे. दोघांचेही गणित बरोबर आहे. अनेक बागायतदार प्लॉट पाडून टप्प्याटप्प्याने छाटणी घेतात, तेव्हा ते कोणतेही सूत्र न मांडता हेच गणित सोडवत असतात. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

विमा याच कारणासाठी असतो, आणि त्याची मर्यादाही इथेच कळते. दुचाकीच्या विम्यात एकाचा अपघात झाला म्हणून शेजाऱ्याचा होत नाही, त्यामुळे अनेकांच्या हप्त्यांतून थोड्यांचे नुकसान भरून निघते. गारपीट मात्र एका शिवारात थांबत नाही. पिंपळगाव ते दिंडोरी सगळ्यांच्या बागा एकाच दुपारी झोडपल्या जातात. अशी एकगठ्ठा येणारी जोखीम गावच्या पतपेढीला पेलत नाही, ती राज्य-देशभर वाटावी लागते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आणखी एक गाठ आहे: भरपाई मुख्यतः ठरते ती हवामान केंद्रावरच्या नोंदींवरून, आणि नुकसान झालेली बाग त्या केंद्रापासून लांब असू शकते.

जोखीम काही ठिकाणी हळूहळू वाढत नाही, उंबरठा ओलांडताच झेप घेते. गर्दी हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार माणसे असताना प्रत्येक जण आपले पाऊल स्वतः टाकतो. ही संख्या सहाच्या पुढे गेली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, धक्क्यांच्या लाटा तिच्यातून धावतात आणि कोणाचीही ताकद किंवा शिस्त कामाला येत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला, त्या दिवशी नाशिकने हे पाहिले आहे. २०१५ चा सिंहस्थ अशा दुर्घटनेविना पार पडला, पण त्यावरून आपण उंबरठ्यापासून किती दूर होतो हे कळत नाही. सुखरूप पार पडलेली पर्वणी आणि थोडक्यात वाचलेली पर्वणी दुसऱ्या दिवशी सारखीच दिसतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंडाकडे उतरणाऱ्या प्रत्येक अरुंद रस्त्याला दुतोंड्या मारुतीसारखी एक खूण हवी आहे: या चौकात इतकी माणसे झाली की मागची वाट बंद करायची, ती कोणी करायची, आणि समोर कितीही मोठा मान्यवर उभा असला तरी करायचीच, हे पर्वणीच्या आधी कागदावर लिहून लोकांना सांगितलेले असले पाहिजे.